आधी मीटर, मग छत, सगळ्यांत शेवटी सौर पॅनेल: विदर्भातील शाळा, ग्रामपंचायत आणि दवाखान्यांच्या इमारतींत वीज कशी वाचवावी

गावातील शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या वीजबिलाचा विषय निघाला की चर्चा बहुधा थेट सौर पॅनेलवर जाऊन थांबते. पॅनेल चांगलेच आहे, परंतु या कामातील ते शेवटचे पाऊल आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मार्चपासून तापत जाणारा स्लॅब, पश्चिमेची उघडी भिंत, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे पंखे आणि रात्रभर जळणारे दिवे जसेच्या तसे ठेवून छतावर पॅनेल बसवणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरत राहणे होय. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, नागपूर या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि आपल्या सार्वजनिक इमारतींतील विजेचा मोठा वाटा या उष्णतेशी झगडण्यातच खर्च होतो. म्हणून उष्णता आत येऊच नये यासाठी केलेली कामे आधी, कमी वीज खाणारी उपकरणे त्यानंतर आणि वीज तयार करण्याची सोय सर्वांत शेवटी, हा क्रम पाळावा.

आपल्या भागात वाचवलेल्या युनिटला आणखी एक अर्थ आहे. चंद्रपूरचे २,९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र, कोराडी, खापरखेडा, तिरोडा ही सगळी केंद्रे विदर्भातच आहेत. त्यांचा कोळसा येथेच जळतो आणि राखही येथेच पडते. देशाच्या ग्रीडमधील एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हा आकडा पुढचे हिशेब वाचताना लक्षात असू द्यावा.

मीटरपासून सुरुवात

पहिल्या आठवड्यात काहीही विकत घेऊ नये. मागील बारा महिन्यांची बिले एकत्र करून प्रत्येक महिन्याचे युनिट एका वहीत लिहावेत. बिलावर वीजदराचा वर्ग, मंजूर भार, स्थिर आकार, वीज आकार आणि वहन आकार असे वेगवेगळे रकाने असतात. शासकीय शाळा आणि दवाखान्यांसाठी महावितरणचा ‘सार्वजनिक सेवा’ हा स्वतंत्र वर्ग आहे. आपली जोडणी चुकून दुसऱ्याच वर्गात नोंदली गेली नाही ना, हे तपासावे. बिलात मीटर वाचनाऐवजी सलग दोन-तीन महिने सरासरी युनिट लावलेले दिसले, तर मीटरच्या छायाचित्रासह अर्ज उपविभागीय कार्यालयात देऊन पोच घ्यावी. सरासरी बिल येत राहिले, तर आपण केलेली बचत कागदावर कधीच दिसणार नाही.

त्यानंतर बंद इमारतीची परीक्षा घ्यावी. शनिवारी शाळा सुटल्यावर मीटरवरील आकडा लिहून ठेवावा आणि सोमवारी शाळा उघडण्यापूर्वी पुन्हा वाचावा. एका माध्यमिक शाळेत आम्ही असे केले, तेव्हा कोणीही आत नसताना मीटर १८ युनिटांनी पुढे गेलेले दिसले. शोध घेतल्यावर दोन कारणे सापडली. पिण्याचे पाणी थंड करणारे यंत्र दिवसरात्र चालू होते, आणि मागच्या व्हरांड्यातील चार जुन्या ट्यूब जळत होत्या, कारण त्यांचे बटण कुलूपबंद भांडारखोलीत होते. यंत्राचे बटण शनिवारी बंद करण्याची जबाबदारी परिचरांनी घेतली आणि ट्यूबचे बटण बाहेर आणले. खर्च आला तो थोड्याशा वायरचा आणि वायरमनच्या एका तासाच्या मजुरीचा.

आणखी एक सोपी तपासणी आहे. इमारतीतील सर्व बटणे बंद करून मीटरसमोर उभे राहावे. इलेक्ट्रॉनिक मीटरवरील लाल दिवा वीज वापरली जात असेल त्या वेगाने लुकलुकतो. सर्व बंद असूनही तो लुकलुकत राहिला, तर वीजफलकावरील एमसीबी (प्रत्येक जोडणीचे सुरक्षा स्विच) एकेक करून पाडावेत आणि कोणता पाडल्यावर दिवा थांबतो ते पाहावे. जुन्या इमारतींत ओल आलेल्या भिंतीतून वीज झिरपत असल्याचे अशाच वेळी उघडकीस येते, आणि हा प्रश्न बिलापेक्षा मुलांच्या जिवाचा असतो. तो स्वतः दुरुस्त करण्याच्या भानगडीत न पडता परवानाधारक वायरमनलाच बोलवावे.

छत

या लेखातील एकच गोष्ट करणे शक्य असेल, तर ती छताची करावी. एकमजली इमारतीत दिवसभराचे ऊन स्लॅब पितो आणि दुपारनंतर तीच उष्णता खाली सोडतो. पंखा त्या वेळी हवा थंड करत नाही, वरची तापलेली हवा डोक्यावर आणतो. पांढरे छत सूर्याचा बराच प्रकाश परत पाठवते, त्यामुळे स्लॅब मुळात तापतोच कमी.

चुन्याचे काम फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात करावे. प्रथम छतावरील माती, पालापाचोळा आणि शेवाळ खरवडून काढावे, पाण्याचे पन्हाळे मोकळे करावेत आणि भेगा सिमेंटने बुजवाव्यात. कळीचा चुना लोखंडी पिंपात किमान एक रात्र भिजवावा. चुना विरताना पाणी उकळते आणि शिंतोडा डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते, म्हणून हे काम मोठ्या माणसांनी चष्मा आणि हातमोजे घालूनच करावे, मुलांना जवळ फिरकू देऊ नये. दुसऱ्या दिवशी तो निवळलेला चुना गाळून त्यात डिंक किंवा फेव्हिकॉल मिसळावा, नाहीतर वाळल्यावर त्याची भुकटी होऊन वाऱ्यासोबत उडते. स्लॅबवर पाणी शिंपडून तो ओलसर करावा आणि सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर कुंच्याने पातळ हात द्यावा. भर दुपारी दिलेला चुना चटकन वाळतो आणि धरत नाही. एक हात पूर्ण वाळल्यावर दुसरा आणि मग तिसरा द्यावा. चुना पावसाळ्यात बराच धुऊन जातो, त्यामुळे हे काम दरवर्षीचे समजावे. पैशांची सोय असेल तर छतासाठीच तयार केलेला परावर्तक रंग किंवा पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे काम अधिक वर्षे टिकते. छतावरील पावसाचे पाणी टाकीत साठवले जात असेल, तर सुरुवातीचे एक-दोन पाऊस बाहेर वाहू द्यावेत.

फरक पडतो की नाही, याबद्दल शाळा व्यवस्थापन समितीत शंका निघतेच, आणि ती निघावीही. अशा वेळी शेजारच्या दोन सारख्या खोल्यांपैकी एकीवरच चुना द्यावा, दोन्हींत सारख्याच उंचीवर साधे तापमापक टांगावेत आणि आठवडाभर दुपारी तीनला नोंद घ्यावी. ही नोंद सहावी-सातवीच्या मुलींकडे सोपवावी. गावाला कोणाच्या व्याख्यानापेक्षा मुलींनी फळ्यावर लिहिलेले आकडे लवकर पटतात, असा माझा अनुभव आहे.

टिनाच्या छताला चुना धरत नाही, तेथे परावर्तक रंगच लावावा आणि आत बांबूच्या तट्ट्यांचे छत करून टिन व तट्टा यांत साधारण फूटभर अंतर ठेवावे, दोन्ही टोकांना गरम हवा निघून जाण्यासाठी जाळीच्या खिडक्या सोडाव्यात. गडचिरोली, चंद्रपूर आणि मेळघाटात बांबू आणि तो विणणारे हात दोन्ही जवळच आहेत. त्या पोकळीतून उघड्या वायरी मात्र नेऊ नयेत. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे ते कापणे, छिद्रे पाडणे किंवा घासणे टाळावे. आणि गावात कवेलूची, म्हणजे मातीच्या कौलांची, जुनी शाळा अजून शाबूत असेल, तर ती पाडून स्लॅब टाकण्याची घाई कृपया करू नये. १९३६ पासून सेवाग्रामला मातीच्या भिंती, कवेलूचे छत आणि खोल पडवी यांवर उभ्या असलेल्या कुटी मे महिन्याच्या दुपारी आत जाऊन अनुभवाव्यात. इमारतीने उष्णतेशी कसे वागावे, हे त्यांच्याइतके सहज दुसरे कोणी शिकवत नाही.

भिंत, सावली, वारा

पश्चिमेच्या भिंतीला दुपारचे तिरपे ऊन सरळ लागते. तेथे कडुनिंब किंवा करंज लावावा, आणि झाड वाढेपर्यंत हिरवी जाळी किंवा तट्टा भिंतीपासून हातभर पुढे बांधावा. खिडक्यांच्या बाबतीत आपल्या आजीचाच नियम खरा आहे: पहाटे सर्व उघडाव्यात, दहाच्या सुमारास उन्हाकडच्या बंद कराव्यात, सायंकाळी पुन्हा उघडाव्यात. चोरीच्या भीतीने खिडक्या कायम बंद राहतात, त्यावर जाळी आणि गज हा उपाय आहे. नवी इमारत बांधायची असेल तर तिची लांबी पूर्व-पश्चिम आणि खिडक्या उत्तर-दक्षिण ठेवाव्यात, हे आराखड्याच्या वेळीच अभियंत्यांना सांगावे. त्याला जादा पैसा लागत नाही आणि नंतर कितीही पैसा ओतला तरी ते साधत नाही.

पंखे, दिवे, कूलर

जुना छतपंखा सुमारे ७५ वॉट वीज घेतो, तर बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरचा) पंखा सुमारे ३० वॉट. जुनी ट्यूब चोकसह सुमारे ५० वॉट घेते, तर एलईडी ट्यूब २०. एका वर्गात चार पंखे आणि चार ट्यूब असतील, तर जुना भार ५०० वॉट आणि नवा २०० वॉट होतो. दहा वर्गखोल्या, रोजचे सहा तास आणि वर्षाचे २०० दिवस धरले, तर ६,००० युनिटांच्या जागी २,४०० युनिट लागतात. वाचलेल्या ३,६०० युनिटांमागे सुमारे अडीच टन कार्बन डायऑक्साइड वाचतो. हा हिशेब आपल्या खोल्या आणि आपले तास घालून स्वतः मांडावा, आणि तो आपल्या बिलांशी जुळतो का ते पाहावे. सर्व पंखे एकदम बदलणे शक्य नसते, म्हणून सर्वाधिक तास चालणारे पंखे आधी बदलावेत: दवाखान्यातील रुग्णकक्ष, वसतिगृह, कार्यालय. वर्षातून वीस दिवस उघडणाऱ्या सभागृहातील पंख्यांना हात लावण्याची गरज नाही. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या खोलीत हाच बदल दुप्पट उपयोगी पडतो, कारण वीज गेल्यावर तीच बॅटरी दुपटीहून अधिक वेळ साथ देते. खरेदी करताना ऊर्जा दक्षता ब्युरोची तारांकित पट्टी पाहावी. १ जानेवारी २०२३ पासून छतपंख्यांवर ती सक्तीची आहे.

कूलर हे आपल्या कोरड्या उन्हाळ्याला शोभणारे यंत्र आहे, आणि कार्यालयात वातानुकूलन यंत्र बसवण्यापूर्वी कूलर नीट चालवून पाहावा, असा माझा आग्रह आहे. कूलरसमोरची खिडकी किंवा दार उघडे नसेल तर ओली हवा खोलीतच कोंडते आणि दमट उकाडा होतो. हवा बाहेर जायला वाट हवीच. तो खोलीच्या आत न ठेवता खिडकीबाहेर सावलीत बसवावा. कूलरच्या ताट्यांवर, म्हणजे पाणी झिरपणाऱ्या जाळ्यांवर, क्षार साचून पांढरा थर आला की हवा अडते, म्हणून त्या हंगामाच्या सुरुवातीला बदलाव्यात. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की पाण्याचा पंप बंद करावा, कारण त्यानंतर तो नुसती ओल वाढवतो. आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण रिकामी करून पुसून कोरडी ठेवावी, अन्यथा तेथे डेंग्यूचे डास वाढतात. वातानुकूलन यंत्र अपरिहार्य असेल तेथे ते २४ अंशांवर ठेवावे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील लसींच्या शीतपेटीला मात्र बचतीच्या नावाखाली कोणीही हात लावू नये. लसी २ ते ८ अंशांतच राहिल्या पाहिजेत, आणि त्या पेटीच्या पिनेवर ‘बंद करू नये’ अशी ठळक चिठ्ठी लावावी.

पाण्याची मोटर हा विसरला जाणारा खर्च आहे. वरची टाकी भरून वाहत असताना बोअरची मोटर चालू राहिली, तर वीज आणि पाणी दोन्ही मातीत जातात. टाकीत तरंगता स्विच बसवावा आणि गळके नळ त्याच आठवड्यात बदलावेत.

पैसा कोठून आणावा

चुना, तरंगता स्विच, काही एलईडी ट्यूब हे शाळेच्या संयुक्त अनुदानात किंवा लोकवर्गणीत बसते. पंखे आणि छताच्या मोठ्या कामासाठी ग्रामपंचायतीचा वित्त आयोगाचा निधी आणि जिल्हा नियोजन समिती हे दरवाजे आहेत. खाणींनी बाधित गावांनी जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडेही प्रस्ताव द्यावा. सौर संचाच्या योजनांसाठी महाऊर्जा या राज्य शासनाच्या ऊर्जा संस्थेच्या कार्यालयात चौकशी करावी. २०२० पासून सुरू असलेल्या राज्य शासनाच्या माझी वसुंधरा या पर्यावरण अभियानात ‘अग्नी’ या घटकाखाली ऊर्जेची कामे मोजली जातात, त्यामुळे ग्रामपंचायतीला त्याचाही लाभ होतो. प्रस्तावासोबत बारा महिन्यांची बिले, शनिवार-सोमवारची नोंद आणि दोन खोल्यांचे तापमान जोडावे. आकडे जोडलेला प्रस्ताव सहज बाजूला टाकता येत नाही.

आणि मग पॅनेल

वरील कामांनी वापर किती घटला हे निदान सहा महिने पाहावे, आणि घटलेल्या वापरावरूनच संचाचा आकार ठरवावा. एक किलोवॉटच्या संचाला साधारण दहा चौरस मीटर सावलीविरहित जागा लागते आणि तो वर्षभराच्या सरासरीने रोज सुमारे चार युनिट देतो. ज्या शाळेचा वापर ६,००० वरून २,४०० युनिटांवर आला, तिला चारऐवजी दोन किलोवॉट पुरतात. पॅनेलचे तोंड दक्षिणेला आणि कल साधारण २० अंश असावा. आपल्याकडे शाळा एप्रिलअखेरीपासून जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत बंद असते आणि नेमके तेव्हाच ऊन सर्वाधिक असते, त्यामुळे नेट मीटरिंगशिवाय शाळेवर संच बसवू नये. नेट मीटरिंगमुळे सुटीत महावितरणला दिलेले जादा युनिट पुढच्या महिन्यांच्या बिलांत वळते होतात. मात्र हा हिशेब आर्थिक वर्षाच्या शेवटी मिटवला जातो, हे ध्यानात ठेवून संच गरजेपेक्षा मोठा घेऊ नये.

करार करताना पाच वर्षांची देखभाल लेखी घ्यावी आणि वानरांच्या टोळ्या येणाऱ्या गावात वायरी लोखंडी किंवा जाड नळीतूनच नेण्याची अट घालावी. उन्हाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी पॅनेल साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने धुवावेत. कापसाची जिनिंग, गिट्टी खदान किंवा कोळशाची वाहतूक जवळ असेल तर आणखी लवकर. धुण्याची वेळ सूर्योदयाची असावी, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी पडल्यास ती तडकू शकते. धुण्याची तारीख आणि त्या दिवसाचे मीटरचे वाचन त्याच वहीत लिहावे, आणि मुख्याध्यापक किंवा ग्रामपंचायत अधिकारी यांची बदली झाली की ती वही पदभाराच्या यादीत नोंदवून पुढच्याच्या हाती द्यावी.