वर्षातील सर्वांत मोठ्या दिवसाचे स्वागत : घरात आणि बागेत

उत्तर गोलार्धात २० किंवा २१ जूनच्या सुमारास सूर्य आपल्या मार्गावरील सर्वांत उत्तरेकडच्या बिंदूवर पोहोचतो आणि तिथून त्याचे दक्षिणायन सुरू होते. दक्षिण गोलार्धात हाच दिवस डिसेंबरात येतो, म्हणून तिथल्या वाचकांनी पुढील मजकुरात महिना आणि दिशा उलट करून घ्याव्यात. या दिवशी घर फुलांनी सजवावे, संध्याकाळी अंगणात दिवे लावावेत, हे सारे छानच आहे. पण ज्याच्यासाठी एवढी तयारी करायची, तो सूर्य आपल्या घरावर आणि बागेवर नेमका कुठे कसा पडतो, हे त्या दिवशी पाहून नोंदवून ठेवणे, हे मला अधिक खरे स्वागत वाटते. त्यासाठी एक काठी, दोरा, चुनखडीचे थोडे खडे, पेन्सिल आणि वही एवढे साहित्य पुरते.

आधी तारीख निश्चित करावी. वर्षातील या सर्वांत मोठ्या दिवसाला अयनदिन म्हणतात; पण तो खरे तर पूर्ण दिवस नव्हे, एक क्षण असतो. जागतिक प्रमाणवेळेनुसार २०२४ साली हा क्षण २० जूनला रात्री ८ वाजून ५१ मिनिटांनी आला, तर २०२५ साली २१ जूनला पहाटे २ वाजून ४२ मिनिटांनी. दर वर्षी तो सुमारे पावणेसहा तासांनी पुढे सरकतो आणि लीप वर्षातील जादा दिवस त्याला पुन्हा मागे ओढतो. आपल्या गावच्या घड्याळाप्रमाणे ती तारीख कोणती, हे पंचांगात पाहून घ्यावे. त्या दिवशी ढग असले तरी हिरमुसायचे कारण नाही, कारण या काळात सूर्याची उंची जवळजवळ स्थिर असते. एक मीटर उंचीच्या काठीची माध्यान्हीची सावली ४० अक्षांशांवर आठवडाभर आधी मोजली, तर फरक जेमतेम तीन-चार मिलिमीटरांचा पडतो.

आदल्या संध्याकाळी काठी रोवून ठेवावी. जमीन सपाट असावी आणि काठीचे वरचे टोक जमिनीपासून बरोबर एक मीटर उंच असावे. दोऱ्याला नट किंवा छोटा दगड बांधून ओळंबा तयार करावा आणि काठी दोन बाजूंनी सरळ आहे का, ते तपासावे. पहिल्या वर्षी मी ही काठी नुकतेच पाणी घातलेल्या वाफ्यात रोवली होती. दुपारपर्यंत माती बसली, काठी बोटभर कलली आणि माझी सगळी मापे वाया गेली. तेव्हापासून मी काठी कोरड्या, धोपटलेल्या मातीत किंवा वाळू भरलेल्या कुंडीत उभी करतो.

सकाळी सूर्य उगवतो, ती जागा खिडकीतून किंवा गच्चीवरून पाहावी. सूर्याकडे थेट टक लावून पाहू नये आणि दुर्बीण तर मुळीच वापरू नये. तो क्षितिजावर कोणत्या झाडाच्या किंवा इमारतीच्या कडेने वर आला, एवढे ध्यानात घेऊन खिडकीच्या चौकटीवर पेन्सिलीने बारीक रेघ मारावी. विषुववृत्तापासून जितके उत्तरेला राहाल, तितकी ही जागा पूर्वेपासून उत्तरेकडे अधिक सरकलेली दिसेल : २० अक्षांशांवर सुमारे २५ अंश, ४० अक्षांशांवर सुमारे ३१ अंश. एक गंमत इथेच सांगून टाकतो. दिवस सर्वांत मोठा असला तरी सूर्योदय सर्वांत लवकर आणि सूर्यास्त सर्वांत उशिरा याच दिवशी होतो असे नाही. ४० अक्षांशांवर सर्वांत लवकरचा सूर्योदय आठवडाभर आधी होऊन गेलेला असतो आणि सर्वांत उशिराचा सूर्यास्त आठवड्याने यायचा असतो.

मुख्य काम दुपारचे. काठीच्या बुंध्याला दोऱ्याची एक गाठ अडकवून जमिनीवर वर्तुळ आखावे. सकाळी काठीच्या सावलीचे टोक लांबून आत येताना ज्या ठिकाणी वर्तुळाला स्पर्श करील तिथे एक खडा ठेवावा, आणि दुपारनंतर ते टोक बाहेर पडताना जिथे स्पर्श करील तिथे दुसरा. हे दोन खडे जोडणारी रेषा म्हणजे पश्चिम-पूर्व दिशा. काठीला जुन्या ज्योतिषात शंकू म्हणतात आणि दिशा काढण्याची ही रीतही तितकीच जुनी आहे. अयनदिनी ती विशेष अचूक ठरते, कारण त्या काही तासांत सूर्याचे उत्तर-दक्षिण सरकणे जवळपास थांबलेले असते. मध्यंतरी दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करीत राहावे. सर्वांत आखूड सावली घड्याळाच्या बारा वाजता पडेलच असे नाही. उन्हाचे बारा आणि घड्याळाचे बारा यांत तासाभराचाही फरक असू शकतो. ती आखूड सावली फूटपट्टीने मोजावी. ४० अक्षांशांवर ती सुमारे ३० सेंटिमीटर भरते, ६० अक्षांशांवर ७४ सेंटिमीटर. कर्कवृत्ताच्या जवळ ती जवळजवळ नाहीशी होते, आणि त्याच्या दक्षिणेला, म्हणजे २० अक्षांशांवर, काठीच्या दक्षिण बाजूला अवघी ६ सेंटिमीटर पडते. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात एरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने अशाच माध्यान्हीच्या सावल्यांवरून पृथ्वीचा परीघ काढला होता.

घरात याच वेळी जमिनीवर पडणाऱ्या कवडशाकडे पाहावे. कर्कवृत्ताच्या उत्तरेला दक्षिणेकडच्या खिडकीतून दुपारचे ऊन आज सर्वांत कमी आत शिरते, कारण सूर्य डोक्यावर असतो. ताप होतो तो पश्चिमेच्या खिडक्यांचा. पडदा किंवा बाहेरून झडप बसवायची असेल, तर आधी तिथेच बसवावी.

बागेत सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता भिंतीच्या सावलीच्या कडेवर खडे मांडावेत आणि त्यांची आकृती वहीत काढावी. कर्कवृत्ताच्या उत्तरेला राहत असाल, तर दक्षिणेकडच्या भिंतीमुळे आज माध्यान्ही सावलीत असलेली जागा वर्षभर माध्यान्हीच्या उन्हाला मुकते, म्हणून तिथे सावली सोसणारी झाडेच लावावीत. पाणी पहाटेच घालावे आणि वाळलेल्या पाल्याचे पाच ते सात सेंटिमीटरांचे आच्छादन खोडाला न टेकता पसरावे. पालकाला मोठ्या दिवसांत तुरा येतो, त्यामुळे त्याची पाने आताच खुडून घ्यावीत. शेवंतीचे उलट आहे : तिला कळ्या धरण्यासाठी लांब रात्री लागतात. या दिवसापासून रात्री वाढू लागतात, म्हणून तिची कुंडी रात्रभर जळणाऱ्या दिव्यापासून दूर हलवावी, नाहीतर ती पानांनी भरून जाते आणि फुलत नाही. घरातल्या फुलदाणीसाठी फुले ऊन चढण्यापूर्वी, देठ तिरके कापून, तोडावीत.

संध्याकाळी सूर्यास्ताची जागाही चौकटीवर टिपावी आणि मग दिवे लावावेत. वहीत तारीख, वेळ, काठीची उंची आणि आखूड सावलीचे माप लिहून ठेवावे; काठी मात्र उपटू नये, तिच्याभोवतीचे खडेही तसेच राहू द्यावेत. २१ डिसेंबरला त्याच जागी पुन्हा मोजायचे आहे, आणि ४० अक्षांशांवर तेव्हा ती ३० सेंटिमीटरांची सावली दोन मीटर लांब झालेली असेल, म्हणून उत्तरेकडची तेवढी जागा आताच मोकळी ठेवावी.