इंजिन बरोबरी म्हणालं आणि मी हरलो

कुडाळ-सावंतवाडीकडची मुलं आणि त्यांचे आईवडील बुद्धिबळ स्पर्धेच्या हॉलबाहेर भेटले की एकच विचारतात: कोच लावायचा, की मोबाईलवरचं पुरे? मी तीन वर्षं नुसता मोबाईलवर शिकलो. मग पैसे भरून ऑनलाइन वर्ग केला, तो सोडला, आणि आता रविवारी गावातल्या एका निवृत्त मास्तरांकडे जातो. रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा, अजून सोळाशेच्या अलीकडेच रेंगाळतंय, तेव्हा पोहोचलेल्या माणसाचा सल्ला म्हणून हे वाचू नका. मी जिथे अडकलो तिथे तुम्ही अडकू नये, एवढ्यासाठी लिहितोय.

पैसे नाहीत म्हणून आपण मागे पडतो, हे आधी डोक्यातून काढा. स्टॉकफिश हे इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा संगणकाचा प्रोग्राम, फुकट आहे आणि जगज्जेत्यालाही ऐकणार नाही इतकं ताकदवान आहे. लिचेस ही बुद्धिबळाची वेबसाइट आणि अ‍ॅपही फुकट आहे, जाहिरातीही नाहीत. कोडी, विश्लेषण, अंत्यपर्वांचा सराव सगळं त्यात मिळतं. जुलैत दोन-दोन दिवस लाइट नाही, रेंज नाही, तरी फोनमध्ये उतरवून ठेवलेलं इंजिन चालतं. या बाबतीत पुण्यातला मुलगा आणि आचऱ्यातला मुलगा यांच्यात काडीचाही फरक नाही.

फरक पडतो तो ते वापरण्यात. माझी पद्धत अशी होती: डाव संपला की लगेच विश्लेषण लावायचं. चूक कुठे झाली ते दिसायचं, बाणाने दाखवलेली चाल बघायची, ‘अरे हो, ही होती’ म्हणायचं आणि पुढचा डाव सुरू करायचा. दिवसाला दहा-बारा डाव व्हायचे. त्या ‘अरे हो’नेच माझा घात केला. चाल कळल्यासारखी वाटते, पण ती आपण शोधलेली नसते. पटावर एकटे बसलो की तो बाण नसतो.

रत्नागिरीच्या एका स्पर्धेत ते पुरतं कळलं. शेवटच्या फेरीत माझ्याकडे राजा आणि हत्ती, समोरच्याकडे राजा, हत्ती आणि एक प्यादं. त्याचं प्यादं ई५ वर, माझा राजा त्याच्या वाटेत ई८ वर, माझा हत्ती त्याच्या बाजूने मोजलेल्या सहाव्या ओळीत. असा डाव मी घरी इंजिनवर कितीदा तरी पाहिला होता. दरवेळी कोण किती पुढे आहे ते सांगणारा इंजिनचा आकडा ०.०० दिसायचा आणि ‘बरोबरी आहे’ म्हणून मी पुढे जायचो. त्या दिवशी घड्याळात चार मिनिटं होती. हत्ती नुसता उभा ठेवणं मला घाबरटपणाचं वाटलं, म्हणून मागे नेऊन शह दिला. त्याचा राजा पुढे सरकला आणि मात करण्याची धमकी आली. तिथूनही डाव वाचतो, पण चाली नेमक्या लागतात. मला त्या सुचल्या नाहीत. परतीच्या एसटीत राजापूर येईपर्यंत मी कुणाशी बोललो नाही.

हे नवख्यांनी नीट समजून घ्या. तो आकडा तुमच्याबद्दल काहीच सांगत नाही. पूर्वी +१ म्हणजे साधारण एका प्याद्याची आघाडी, असं धरायचे. डिसेंबर २०२२ मधल्या स्टॉकफिश १५.१ पासून +१ म्हणजे जिंकण्याची शक्यता ५० टक्के, आणि तीसुद्धा स्टॉकफिश स्टॉकफिशविरुद्ध खेळलं तर! ०.०० चा अर्थ एवढाच, की दोन्हीकडून अचूक चाली झाल्या तर बरोबरी. अचूक चाल म्हणजे कुठली, का, आणि कधीपर्यंत, हे आकड्यात नसतं.

मास्तरांनी ते लाकडी पटावर दहा मिनिटांत दाखवलं. हत्ती सहाव्या ओळीत ठेवायचा, म्हणजे त्याचा राजा पुढे येऊ शकत नाही. कोंडी फोडायला त्याला प्यादंच ई६ वर ढकलावं लागतं. ते ढकललं, की त्याच्या राजाला लपायला जागा उरत नाही; तेव्हा हत्ती पार पहिल्या ओळीत न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. फिलिडोर नावाच्या फ्रेंच खेळाडूने अठराव्या शतकात दाखवलेला हा बचाव. “प्यादा फुडे येईसर हत्ती थंयच रवांदे,” (प्यादं पुढे येईपर्यंत हत्ती तिथेच राहू दे) एवढंच मास्तर म्हणाले, आणि मग मला समोर बसवून तीच स्थिती आठ वेळा खेळायला लावली.

मास्तरांचं रेटिंग माझ्याहून फार नाही. पण ते दर चालीला विचारतात, “ही चाल कित्याक?” (कशासाठी?) हा प्रश्न इंजिन कधीच विचारत नाही. त्यासाठी मोठा कोच लागतो असंही नाही.

आता मी असं करतो. रोज एकच लांब डाव, किमान पंधरा मिनिटांचा. डाव संपल्यावर आधी वही. कुठे अडलो, तेव्हा काय वाटलं, दुसरी कुठली चाल डोक्यात होती, हे चार ओळींत लिहायचं. इंजिन त्यानंतर, जमलं तर दुसऱ्या दिवशी. लिचेसवर चुकांपासून शिकण्याची सोय आहे. त्यात तुमची चूक दाखवून आधी तुम्हालाच बरी चाल शोधायला लावतात. ती वापरा. सराव म्हणून खालच्या पातळीच्या इंजिनाशी मात्र खेळू नका. ते चार चाली उस्तादासारख्या खेळतं आणि मग उगाच वजीर देऊन टाकतं. माणूस असा चुकत नाही. ‘दहा चालींत मात’वाले व्हिडिओ तर सरळ बंद करा. त्यात माझं एक अख्खं वर्ष गेलं.

कोचबद्दल स्पष्टच सांगतो. मी दोन महिन्यांचे सहा हजार भरले त्या वर्गात वीस मुलं होती, आणि शिकवणारे आमचे डाव स्क्रीनवर लावून इंजिनच्या चाली वाचून दाखवत. ते घरी फुकट होतं. पैसे भरण्याआधी एक तास मागा, स्वतःचा हरलेला डाव न्या आणि बघा: ते आधी तुम्हाला बोलतं करतात, की आधी इंजिन लावतात? इंजिन लावलं तर परत या. चांगला कोच महिन्यातून एक तास मिळाला तरी पुष्कळ आहे.

२०२४ मध्ये जगज्जेता झालेल्या गुकेशला त्याचे कोच विष्णू प्रसन्न यांनी बरीच वर्षं इंजिनपासून लांब ठेवलं होतं, हे ऐकून काही पालक मोबाईलच काढून घेतात. तसं करू नका. त्याच्यासमोर रोज प्रश्न विचारणारा ग्रँडमास्टर होता. आपल्याकडे तो नाही, म्हणून इंजिन लागणारच, फक्त वहीनंतर. आणि मूल दोन-तीन महिने पुढे सरकताना दिसलं नाही तर घाबरू नका. वही सुरू केल्यावर माझं रेटिंग आधी साठने घसरलं होतं.

माझ्या वहीत आता बेचाळीस डाव आहेत. त्यातल्या एकोणीस ठिकाणी ‘घाईत प्यादं खाल्लं’ असं लिहिलंय. येत्या रविवारी ते एकोणीस डाव घेऊन मास्तरांकडे जाणार आहे.