बॉटम ब्रॅकेट लूज झालंय? पाना उचलण्याआधी या चुका टाळा

पावसाळा संपल्यावर वडिलांची जुनी काळी सायकल बाहेर काढली. पॅडल मारलं की दर फेरीला 'टक्' व्हायचं. लगेच खाली बसलो, बॉटम ब्रॅकेटच्या (फ्रेमच्या तळाचा, दोन्ही पॅडलना जोडणारा एक्सल ज्यात फिरतो तो भाग) डाव्या बाजूच्या लॉकरिंगच्या, म्हणजे बाहेरच्या कड्याच्या, खाचेत छिन्नी टेकवली आणि हातोडीने आवळली. पॅडल जड झालं, आवाज मात्र तसाच! दोष बॉटम ब्रॅकेटचा नव्हताच, डाव्या क्रँकची (पॅडलच्या दांड्याची) कॉटर पिन, म्हणजे क्रँक एक्सलवर घट्ट धरणारी पिन, झिजली होती.

म्हणून पहिली चूक हीच: काय हलतंय ते न बघता आवळत सुटणं. सायकल भिंतीला टेकवा, दोन्ही क्रँक दोन हातांत धरा आणि फ्रेमच्या दिशेने आत-बाहेर हलवा. दोन्ही एकदम हलल्या, तर एक्सलच्या वाट्या (ज्यांत छर्रे फिरतात) सैल आहेत. एकच हलली, तर कॉटर किंवा क्रँकचा बोल्ट बघा. क्रँक घट्ट आणि फक्त पॅडल डगडगत असेल, तर पॅडलचेच छर्रे गेलेत. दोन मिनिटांचं काम, पण घाईत कोणी करत नाही.

कॉटर काढताना नट पूर्ण काढून आट्यांवर हातोडी मारू नका. आटे चेपले की पिन ना बाहेर येते, ना परत नट बसतो. नट टोकाच्या पातळीपर्यंत सैल करून तिथेच ठेवा आणि क्रँकखाली लोखंडी पाइपचा तुकडा उभा टेकवा, म्हणजे ठोका छर्ऱ्यांवर न जाता जमिनीत जाईल. पिन बसवतानाही नट आवळून ती आत ओढायची नसते. आधी ठोकून बसवायची, मग नट. थोडं चालवून नट परत एकदा आवळा. आणि एका बाजूचा नट वर असेल तर दुसऱ्या बाजूचा खाली हवा, नाहीतर दोन्ही पॅडल एका रेषेत येत नाहीत. हे मी सायकल रस्त्यावर नेल्यावर शिकलो.

आता खरोखर वाट्याच सैल असतील तर. आपल्याकडच्या साध्या सायकलींत उजवीकडची, म्हणजे चेनव्हीलकडची वाटी उलट्या आट्यांची असते. ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने आवळते. अनेकजण नेहमीसारखं फिरवून तिला आणखी सैल करतात. तिला शक्यतो हातच लावू नका, फक्त घट्ट आहे ना बघा. सगळी जुळवणी डावीकडे होते: आधी लॉकरिंग सैल, मग वाटी काट्यांच्या दिशेने हळूहळू आत, शेवटी लॉकरिंग परत घट्ट. ते आवळताना वाटी सोबत फिरते आणि जुळवणी बिघडते, म्हणून वाटी दुसऱ्या पान्याने धरून ठेवा. तरी पहिल्या खेपेला जमेलच असं नाही, मला चारदा करावं लागलं. चेन उतरवून बोटाने क्रँक ढकलली की अडखळता कामा नये, आणि आत-बाहेर खेळही नको.

'जरा जास्तच घट्ट असू दे, पुन्हा सैल नको व्हायला' हा विचार सगळ्यात महागात पडतो. दाबाखाली छर्रे वाट्यांमध्ये खड्डे पाडतात आणि मग किती जुळवा, फिरवताना खरखर राहणारच. ती खरखर आत्ताच जाणवत असेल तर आवळत बसू नका, उघडाच. रॉकेलने धुऊन वाट्या उजेडात धरा. खड्डे दिसले तर एक्सल, वाट्या आणि छर्रे बदला. पाव इंची सुटे छर्रे असतील तर दर बाजूला 11. जुने-नवे मिसळू नका, आणि तेल नको, ग्रीसच भरा. तेल चार दिवसांत खाली ओघळून जातं. जाळीतले छर्रे असतील तर काढण्याआधी फोटो काढून ठेवा, जाळी उलटी बसली की एक्सल घासतो.

गिअरच्या सायकलींत बहुधा सीलबंद कार्ट्रिज असतं, म्हणजे एक्सल आणि छर्रे एकत्र बंद केलेलं. त्यात जुळवायला काही नसतं. क्रँकचे बोल्ट आणि कार्ट्रिजच्या कडा घट्ट असूनही खेळ असेल तर ते बदलायचं. क्रँक काढायला पुलर (ती ओढून काढायचं हत्यार) लागतो. तो नसेल तर हातोडी घेऊ नका, सरळ सायकलवाल्याकडे जा.

आणि सायकल पावसात उभी असते का? पाणी सीटच्या नळीतून उतरून बरोबर बॉटम ब्रॅकेटमध्ये साचतं. सीटवर एक प्लॅस्टिकची पिशवी बांधा, निदान नळीच्या तोंडावर तरी.