ग्लायकोजेन बनवायला किती एटीपी? हिशोब असा लावा

ग्लायकोजेन म्हणजे शरीरात साठवलेली ग्लुकोजची साखळी, आणि एटीपी म्हणजे पेशीचं ऊर्जेचं नाणं. एक ग्लुकोज साखळीला जोडायला किती एटीपी लागतात? कुणी १ सांगतं, कुणी २, कुणी ७, आणि गंमत म्हणजे तिघंही बरोबर असतात कारण प्रत्येकाने सुरुवात वेगळीकडून केलेली असते. म्हणून गणिताला हात लावायच्या आधी वहीत लिहून टाका की आपण कशापासून निघालोय. शेवट कायम तोच, साखळीला एक ग्लुकोज जोडलं गेलं.

आधी साधं ग्लुकोज घ्या. हेक्सोकायनेज हे एन्झाइम १ एटीपी खाऊन ग्लुकोज-६-फॉस्फेट बनवतं, ते फुकटात ग्लुकोज-१-फॉस्फेट होतं, मग यूटीपीबरोबर (एटीपीसारखाच तीन फॉस्फेटवाला रेणू) यूडीपी-ग्लुकोज तयार होतं आणि पायरोफॉस्फेट (दोन फॉस्फेटांची जोडी) सुटतं. ग्लायकोजेन सिंथेज ते ग्लुकोज साखळीला लावतं, मागे दोन फॉस्फेटवालं यूडीपी उरतं, त्याचं परत यूटीपी करायला अजून १ एटीपी. झाले २. इथे बरेच जण पायरोफॉस्फेट फुटलं म्हणून आणखी एक जोडून ३ लिहितात, तसं करू नका. शंका आली तर सरळ फॉस्फेट मोजा: यूटीपीची ३, ग्लुकोज-१-फॉस्फेटचं १, एकूण ४. शेवटी यूडीपीत २ आणि सुटी २, आणि त्या सुट्यांतलं एक हेक्सोकायनेजवाल्या एटीपीकडूनच आलेलं, म्हणजे आधीच मोजलेलं.

ग्लुकोज-६-फॉस्फेटपासून निघालात तर पहिला खर्च गळतो, फक्त १.

लॅक्टेटला (स्नायूत ग्लुकोज तुटून उरतं ते) मात्र वेळ द्या, त्याचं आधी पायरुव्हेट आणि मग उलट्या वाटेने ग्लुकोज-६-फॉस्फेट करावं लागतं. एका ग्लुकोजला २ लॅक्टेट लागतात, त्यामुळे सगळं दुप्पट: पायरुव्हेट कार्बोक्सिलेजला २ एटीपी, पुढच्या पीईपीसीके या एन्झाइमला २ जीटीपी (एटीपीच्याच मोलाचे), फॉस्फोग्लिसरेट कायनेज उलट्या दिशेने चालवायला २ एटीपी, झाले ६, वर यूटीपीचा १, एकूण ७. एनएडीएचचं (इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू) काय? लॅक्टेटचं पायरुव्हेट होताना २ मिळतात, पुढे तेवढेच लागतात, फिटंफाट. थेट पायरुव्हेटपासून निघालात तर ते २ बाहेरून आणायचे, प्रत्येकी २.५ एटीपी धरून ५, म्हणजे एकदम १२! आणि लिव्हरने मधेच ग्लुकोज रक्तात सोडलं आणि स्नायूने त्याचं ग्लायकोजेन केलं तर लॅक्टेटचे ७ नाही, ८ होतात, कारण हेक्सोकायनेज पुन्हा मधे येतं.

ग्लिसरॉल लॅक्टेटपेक्षा खूपच स्वस्त. एका ग्लुकोजला २ ग्लिसरॉल लागतात, त्या दोघांना ग्लिसरॉल कायनेजचे २, यूटीपीचा १, मिळून ३, शिवाय वाटेत २ एनएडीएच मिळतात ते वेगळेच.

ग्लायकोजेन तोडताना फॉस्फोरायलेज हे एन्झाइम एटीपी न वापरता ग्लुकोज-१-फॉस्फेट देतं, त्यामुळे हेक्सोकायनेजचा १ बहुतेक वसूल होतो. फांदी फुटते त्या जागी मात्र मोकळं ग्लुकोज सुटतं, तिथला तेवढा बुडतो.