कुत्र्याला मधुमेह आणि कुशिंग एकदम झाले तर घरी सांभाळायचं कसं

आमची चिंगी, पामेरियन, वय अकरा, वजन अकरा किलो. एका मार्चमध्ये ती पाण्याचं भांडं चाटूनपुसून रिकामं करायला लागली आणि रात्रीतून तीनदा दार खरवडायला लागली. आम्ही म्हटलं, ऊन बाधलं. नागपुरात मार्च लागला की कुठलंही दुखणं उन्हाच्या नावावर खपतं. त्यात आमचा दीड महिना गेला. तुमचा जाऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

आधी पाणी मोजा

सकाळी मोजून पाणी ओता, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं मोजा. बाथरूमची बादली झाका, कूलरखाली साचलेलं पाणी पुसून घ्या, नाहीतर हिशेब चुकतो. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १०० मिलीपेक्षा जास्त पाणी जात असेल तर ते ऊन नव्हे. चिंगीची हद्द १.१ लिटर होती, ती दोन लिटर पीत होती. भूक वाढूनही वजन उतरत असेल तर मधुमेहाचा संशय घ्या. पोट सुटलेलं, दोन्ही कुशींवरचे केस सारखेच गेलेले, कातडी पातळ झालेली आणि सावलीत बसूनही धाप, असं असेल तर कुशिंगचा, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल हे हार्मोन फार होण्याच्या दुखण्याचा. आमच्याकडे दोन्हींतलं थोडंथोडं होतं. पाणी जास्त पितं म्हणून भांडं मात्र कधीच उचलून ठेवू नका.

डॉक्टरांकडे जाताना मागच्या वर्षभरातली सगळी औषधं पिशवीत घालून न्या, कानाचे थेंब आणि खाजेचं मलमसुद्धा. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बेटामेथासोन ही स्टेरॉइडं साखर चढवतात आणि फार दिवस दिली तर कुशिंगसारखंच चित्र उभं करतात. मेडिकलवाल्याने दिलेल्या ‘खाजेच्या गोळी’त बरेचदा हेच असतं. पण ती आपल्या मनाने एकदम बंदही करू नका, त्यात वेगळाच धोका आहे. कुत्री असेल आणि नसबंदी झालेली नसेल तर तेही सांगा. माजानंतरच्या हार्मोनमुळे इन्सुलिन लागू पडत नाही.

रक्त आणि लघवीच्या तपासणीत मधुमेह लगेच कळतो. कुशिंगला वेळ लागतो. साखर बेताल असताना त्याची चाचणी उगाच होकारार्थी येऊ शकते, म्हणून बहुधा आधी साखर जरा आवरतात, मग दिवसभर थांबवून रक्त घेतात आणि सोनोग्राफी करतात. आपल्याकडे सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, दुसरं मत घ्यायचं असेल तर तिथे विचारता येतं. शंभरातल्या ८० ते ८५ कुत्र्यांत कुशिंगचं मूळ मेंदूच्या तळाशी पीयूषिका ग्रंथीतल्या बारीक गाठीत असतं, बाकीच्यांत मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथीत.

इन्सुलिन

कुत्र्याचा मधुमेह माणसांच्या टाइप १ सारखा असतो. आजोबांच्या डब्यातली मेटफॉर्मिन त्याच्या उपयोगाची नाही, सुई घ्यावीच लागते, दर बारा तासांनी, बहुधा जन्मभर. आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, “माणसाचं इंजेक्शन कुत्र्याले देता का बाप्पा?” त्यांना सांगितलं की १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी ते आधी कुत्र्यांनाच दिलं होतं, माणसाचा नंबर १९२२ मध्ये लागला. पटलं नाही त्यांना.

इथे सगळ्यात घातक चूक सिरिंजची होते. मेडिकलमध्ये इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं, मिलीलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट. सिरिंजाही तशाच दोन, ४० ची लाल टोपणाची आणि १०० ची केशरी. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने भरलं तर डोस अडीचपट होतो. दर वेळी कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा मोठ्याने वाचा. घरचे हसतील, हसू द्या.

कुपी दुधाळ असेल तर तळहातांत हलके फिरवा, खळखळ हलवू नका. आधी जेवण, मग सुई. खांद्यापासून कुशीपर्यंतची सैल कातडी चिमटीत उचला, तंबूसारखी झाली की त्याच्या पायथ्याशी सुई घाला. जागा रोज थोडी बदला. सुई काढल्यावर केस ओले लागले, औषध आत गेलं की बाहेर सांडलं कळेना, तर दुसऱ्यांदा देऊ नका. पुढच्या वेळेपर्यंत थांबा. साखर दिवसभर जास्त राहिली तर निभावतं, तासाभरात खाली कोसळली तर जीव जातो. या दुखण्यात मला कळलेली मुख्य गोष्ट हीच.

वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा आणि दवाखान्यात नेऊन द्या. कचरागाडीत टाकल्या तर त्या वेचणाऱ्याच्या हातात घुसतात.

खाणं

रोज तेच, तेवढंच, त्याच वेळी. आम्ही उकडलेलं चिकन, मोजका दलिया आणि दुधी ठेवलं होतं, प्रमाण डॉक्टरांनी लिहून दिलेलं. भात, गूळ, संत्रा बर्फीचा तुकडा, पोळ्याच्या दिवशीची पुरणपोळी, सगळं बंद. त्या ग्लुकोज बिस्किटाचं तर नावच काय आहे ते पाहा. खरी लढाई कुत्र्याशी नसते, ‘एवढ्याशाने काय होतं’ म्हणणाऱ्या पाहुण्यांशी असते. आम्ही फाटकावर पाटीच लावली.

निम्मंच खाल्लं तर किती युनिट द्यायचं हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. काहीच खाल्लं नाही किंवा उलटी झाली तर फोन केल्याशिवाय सुई नको.

दोन औषधं एकमेकांच्या वाटेत येतात ती अशी

कुशिंगमध्ये शरीरात कॉर्टिसॉल फार होतं आणि ते इन्सुलिनला काम करू देत नाही. म्हणून डोस वाढतच जातो, तरी साखर हलत नाही. चिंगीचा चार युनिटांवरून अकरावर गेला होता. मग कुशिंगसाठी ट्रायलोस्टेन सुरू होतं. ही कॅप्सूल जेवणासोबत द्यायची, फोडायची नाही, हात धुवायचे, गरोदर बाईने तिला हात लावायचा नाही. ती लागू पडली की कॉर्टिसॉल उतरतं आणि काल कमी पडणारे तेच अकरा युनिट आज फार होऊ शकतात. म्हणून ट्रायलोस्टेन सुरू करताना किंवा त्याचा डोस वाढवताना एकच प्रश्न विचारा: इन्सुलिन किती कमी करायचं आणि साखर पुन्हा कधी तपासायची? दोन डॉक्टर असतील तर दोघांनाही विचारा. आमच्या एका दवाखान्यात गोळी वाढवली, इन्सुलिनचा विषयच निघाला नाही, आणि तिसऱ्या रात्री चिंगी भिंतीला धडकत फिरत होती.

लडखडणं, थरथरणं, बावचळल्यासारखं बघणं, झटके, ही साखर उतरल्याची लक्षणं. ग्लुकोमीटर असेल तर कानाच्या पाळीतून थेंब घ्या, पण त्यापायी वेळ घालवू नका. ६० च्या खाली म्हणजे धोका. शुद्धीत असेल तर लगेच खायला द्या. नसेल तर तोंडात काही ओतू नका, मध किंवा साखरेचं घट्ट पाणी बोटाने हिरड्यांवर चोळा आणि गाडी काढा. मधाची बाटली फ्रिजवर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवा.

उलट्या, जुलाब, खाणं सुटलं, कुत्रं गळून पडलं, तर ट्रायलोस्टेन जास्त झालं असू शकतं. पुढची कॅप्सूल थांबवा आणि त्याच दिवशी दाखवा. तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास, उलट्या आणि जोरात श्वास असेल तर ते साखर चढून बिघडलेलं प्रकरण, त्यालाही सकाळपर्यंत थांबता येत नाही.

नवतपा (मे अखेरचे तापते नऊ दिवस) आणि इन्सुलिन

कुपीला २ ते ८ अंश लागतात. ती बर्फाच्या कप्प्यात नको, गोठलेलं इन्सुलिन फेकावंच लागतं. मे महिन्यात दुपारी लाइट गेली तर फ्रिज उघडू नका. फार वेळ गेला तर थर्मासमध्ये बर्फाची पिशवी, त्यावर रुमालाची घडी आणि वर कुपी. बर्फाला टेकता कामा नये. ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठही मे महिन्याच्या कोरड्या हवेत अडीनडीला कामी येतो, जुलैच्या दमटात नाही. फोडलेल्या कुपीवर तारीख लिहा, सहसा चार आठवड्यांनी नवी घ्यावी.

कुशिंगच्या कुत्र्याला आधीच धाप असते, त्याला सकाळी सहाच्या आत फिरवून आणा. बाकी दिवस कूलरसमोर.

वही

वेळ, किती खाल्लं, युनिट, पाणी, लघवी, आणि आठवड्याला वजन. डोस रोजच्या आकड्यावर बदलत नसतो, एकदा बदलला की आठवडा-दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात, आणि मग ही वहीच बोलते. दवाखान्यात ‘बरी आहे’ म्हणण्यापेक्षा ते पान पुढे करा.

मधुमेही कुत्र्यांपैकी बहुतेकांना मोतीबिंदू होतो, साखर बऱ्यापैकी आटोक्यात असली तरी. चिंगीला सहा महिन्यांत दिसेनासं झालं. मग घरातला सोफा हलवायचा नाही असं ठरलं, पाण्याचं भांडं एकाच फरशीवर. चार दिवसांत ती नीट फिरायला लागली.

घरातल्या आणखी एकाला सुई शिकवून ठेवा. लग्नाला जायचं असतं, आपल्याला ताप येतो.

शेवटचा प्रश्न मी फार उशिरा विचारला, तुम्ही आधी विचारा: थांबायचं कधी? आमच्या डॉक्टरांनी वही घेतली आणि मागच्या पानावर तीन शब्द लिहिले: खाणं, उठणं, ओळखणं. यातल्या दोन गोष्टी सलग सात दिवस नसतील तर फोन करायचा, असं ठरलं. दोन वर्षांनी आम्ही तो फोन केला, नवव्या दिवशी.