उन्हाळ्यात सशाला मीठ-खनिज द्यावे का? खान्देशातील ससा पाळणाऱ्यांसाठी सल्ला

चैत्र सरत आला की जळगाव-धुळ्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि घरोघरी मीठ-साखरेचं पाणी सुरू होतं. त्याच हिशेबाने बरेच जण सशाच्या पिंजऱ्यातही मिठाची वीट टांगतात. पण माणसाचं मीठ घामावाटे जातं, सशाला घाम जवळजवळ येतच नाही. अंगातली उष्णता तो कानांवाटे आणि जलद श्वासावाटे बाहेर टाकतो. त्यात खर्च होतं ते पाणी. वरून मीठ चाटवलं तर तहान आणखी वाढते.

म्हणून आधी पाण्याची सोय बघा. सशाला दर किलो वजनामागे रोज ५० ते १०० मिली पाणी लागतं, वैशाखात त्याहून बरंच जास्त. पिल्लांना पाजणारी मादी दिवसाला एक लिटरच्याही वर जाते. पिंजऱ्याला लावलेल्या बाटलीतलं पाणी दुपारी कोमट होतं, मग ससा तोंड लावत नाही आणि पाण्यावाचून चाराही सोडतो. सावलीत जड बुडाचं मातीचं भांडं ठेवा, पाणी दुपारी एकदा बदला. बोअरचं पाणी खारं असेल, भांड्याला पांढरा थर धरत असेल, तर घरात पिण्यासाठी जे पाणी वापरता तेच सशाला द्या.

आता मीठ-खनिजाचा हिशेब. तयार गोळी खाद्य देत असाल तर त्यात मीठ आणि खनिजं आधीच मिसळलेली असतात. त्यावर वीट नको, पावडर नको, टॉनिकही नको. घरचं खाद्य करत असाल, म्हणजे गव्हाचा कोंडा, मक्याचा भरडा, हरभऱ्याची चुणी, भुईमुगाची ढेप असं काही, तर मात्र खनिज घालावंच लागतं, कारण धान्य-कोंड्यात कॅल्शियम फार कमी असतं. १० किलो खाद्याला ५० ग्रॅम साधं मीठ आणि १५० ग्रॅम खनिज मिश्रण पुरतं. मिश्रणात मीठ आहे असं पिशवीवर लिहिलेलं असेल तर वेगळं घालू नका. दोन्ही आधी अर्धा किलो कोंड्यात चोळून घ्या, मग तो कोंडा उरलेल्या खाद्यात थोडा थोडा मिसळा. एकदम ओतलं तर पावडर तळाशी बसते. वरचं खाणाऱ्याला काहीच मिळत नाही आणि शेवटच्या दिवशी सगळं एकदम पोटात जातं. २ किलोच्या सशाला असं खाद्य रोज ५० ग्रॅम, म्हणजे मीठ जातं पाव ग्रॅम. एवढीच त्याची गरज.

गोठ्यातली चाटण वीट सशाजवळ नेऊच नका. तिच्यात युरिया असू शकतो. गाय-म्हशीच्या पोटातले जिवाणू तो पचवतात. सशाच्या पोटात त्याचा अमोनिया होऊन विषबाधा होते. सरकीची ढेपही नको, तिच्यातलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य सशाला बाधतं. साध्या मिठाच्या विटेने लगेच काही बिघडत नाही, पण कूलरच्या ओलसर वाऱ्यात ती पाझरते आणि जाळी गंजते. वीट कुरतडून दात झिजतात हाही समज सोडा. दात झिजतात ते गवत तासन् तास चावून. वाळलेली हरळी, मारवेल किंवा बारीक केलेला दादर ज्वारीचा कडबा दिवस-रात्र समोर असू द्या.

ससा स्वतःच्या मऊ लेंड्या खातो म्हणून खनिज कमी पडलं असं समजू नका. ती त्याची रोजची पचनाची रीत आहे, त्यातून त्याला ब गटातली जीवनसत्त्वं मिळतात. लाकूड कुरतडणं, केस उपटून खाणं यामागेही बहुतेक वेळा चाऱ्यातला तंतू कमी असणं किंवा रिकामपण असतं. विणीच्या आधी मादी केस उपटते ते घरट्यासाठी.

खरी गडबड होते ती कॅल्शियम जास्त झाल्यावर. आपल्या शरीरात आतडं गरजेपुरतंच कॅल्शियम उचलतं. ससा खाल्लेल्यातलं बरंचसं रक्तात घेतो आणि जादाचं लघवीवाटे टाकतो. रोज लसूणघास, वर जनावरांचं कॅल्शियमचं औषध, आणि पाणी कमी, असं जुळून आलं की मूत्राशयात गाळ साचतो. ड ३ जीवनसत्त्व असलेलं औषध तर जास्तच घातक, त्याने रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंडात चुना बसतो. मोठ्या सशाला लसूणघास कधीमधी मूठभर पुरे. वाढती पिल्लं, गाभण आणि दुधावरची मादी यांना मात्र रोज दिला तरी चालतो. दुधावर कॅल्शियम खरंच खर्च होतं.

ट्रेमध्ये वाळलेल्या लघवीचा पातळ पांढरा डाग दिसला तर घाबरू नका. पिवळी, नारिंगी, तांबूस लघवीही चाऱ्यातल्या रंगामुळे होते. पण टूथपेस्टसारखी घट्ट लघवी, कुंथणं, मागचे केस सतत ओले राहणं किंवा लाल रंग दोन दिवसांनंतरही न जाणं, असं काही दिसलं तर पशुवैद्याकडे न्या. लघवी पूर्ण बंद असेल किंवा सशाने १२ तास काही खाल्लं नसेल तर सकाळची वाट बघू नका. जाताना खाद्याची पिशवी आणि दिलेल्या औषधाची बाटली सोबत घ्या.