चिंक्वे तेर्रेचा वीकेंड, निघायच्या आधीची सगळी तयारी

मिलानला शिकायला आलं की दोन-तीन महिन्यांत कुणीतरी ग्रुपवर टाकतंच, चला एखाद्या वीकेंडला समुद्रावर जाऊन येऊ, आणि मग बोलणं कुठूनही सुरू झालं तरी गाडी येऊन थांबते ती चिंक्वे तेर्रेवर, म्हणजे इटलीच्या किनाऱ्यावरच्या पाच छोट्या गावांवर. मी दोनदा जाऊन आले, एकदा सहा जण होतो आणि एकदा आम्ही चौघी, आणि दर सेमिस्टरला नवीन आलेली पोरं तेच तेच विचारतात म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढतेय. एक गोष्ट सगळ्यात आधी सांगते कारण बाकीची तयारी तिच्यावरूनच ठरते: बॅग अशी भरा की ती पाठीला लावून चारशेच्या जवळपास पायऱ्या चढता आल्या पाहिजेत.

वाढवून सांगत नाहीये. मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही ती पाच गावं, डोंगर जिथे सरळ समुद्रात उतरतो तिथे चिकटून वसलेली, आणि त्यातलं मधलं कोर्निल्या समुद्रापासून साधारण १०० मीटर उंचीवर आहे. स्टेशन खाली, गाव वर, आणि मधे लार्दारिना नावाचा जिना, ३३ टप्पे, पायऱ्या पावणेचारशेच्या वर. एक छोटी बस असते वर न्यायला, पण गर्दीच्या दिवशी तिच्यात जागा मिळेलच असं नाही. पहिल्या ट्रिपला आमच्यातल्या एकीने चाकांची बॅग आणली होती, अकराव्या-बाराव्या टप्प्यावर तिचं एक चाक निघालं आणि पायरीपायरीवर आपटत खाली गेलं, मग उरलेला जिना आम्ही दोघींनी बॅग दोन बाजूंनी धरून, भरलेलं पातेलं उचलावं तशी, वर नेली. वर पोचल्यावर तिला दहा मिनिटं बोलता येत नव्हतं. तर दोन रात्रींना दोन टी-शर्ट, एक जास्तीची पँट, आतले कपडे, एक पातळ जॅकेट, बस. कॉलेजची सॅक पुरते. जीन्स घालून जाऊ नका, घाम येतो आणि भिजली तर दुसऱ्या दिवशीपर्यंत वाळत नाही.

शूजच्या बाबतीत मी अजिबात ऐकून घेणार नाही. स्लीपर, फ्लॅट सँडल किंवा गुळगुळीत तळव्याचे फॅशनचे शूज घालून इथल्या पायवाटांवर जायला बंदी आहे, २०१९ मधे इथल्या नॅशनल पार्कने यावर ५० ते २५०० युरोपर्यंत दंड लावायचं जाहीर केलं होतं, कारण लोक पाय मुरगाळून बसायचे आणि मग त्यांना वरून उचलून आणायला बचाव पथक पाठवायला लागायचं. ट्रेकिंगचे महागडे शूज लागत नाहीत, चांगली पकड असलेले स्पोर्ट्स शूज चालतात, फक्त नवे कोरे नकोत, आधी आठवडाभर कॉलेजला घालून फिरा. जाड मोजे दोन जोड, फोड येतो त्यावर लावायच्या पट्ट्या, आणि इलेक्ट्रलची दोन-तीन पाकिटं. आपल्याकडून येताना आईने दिलेली ती पाकिटं ड्रॉवरमधे पडलेली असतात ना, तीच.

पायवाटांचं आधी घरी बसून बघून घ्या, तिथे जाऊन नको. मोंतेरोस्सो ते वेर्नात्सा हा साधारण साडेतीन किलोमीटरचा रस्ता, थांबत थांबत दोन तास धरा, खूप चढउतार पण प्रत्येक वळणावर समुद्र. वेर्नात्सा ते कोर्निल्या पण साधारण तेवढंच. या दोन्हीला सीझनमधे पार्कचं विकत घ्यायचं चिंक्वे तेर्रे कार्ड लागतं. कोर्निल्याहून मानारोलाला जायचा खालचा रस्ता कित्येक वर्षं बंद आहे, म्हणून वरून वोलास्त्रा गावातून जायचं, तो रस्ता फुकट आहे आणि मला विचाराल तर सगळ्यात सुंदर तोच आहे, पण अडीच-तीन तास आणि पायात दम पाहिजे. रिओमाज्जोरे आणि मानारोला जोडणारी विया देल्लामोरे, म्हणजे जिचे फोटो सगळीकडे असतात ती, २०१२ मधे दरड कोसळून बंद झाली होती आणि २०२४ मधे परत उघडली, तिला वेळेचं वेगळं बुकिंग लागतं, जेमतेम एक किलोमीटर आहे. त्या एका किलोमीटरसाठी अख्खा दिवस अडकवून ठेवू नका, जमलं तर करा.

वोलास्त्राच्या रस्त्यावर मी जे बघितलं ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तिथे डोंगराला पायऱ्या पायऱ्या पाडून द्राक्षाचे मळे लावलेत, आणि प्रत्येक पायरी धरून ठेवलीय ती दगडाच्या भिंतीने, सिमेंट नाही, चुना नाही, नुसता दगडावर दगड. आपल्याकडे कोकणात ज्याला गडगा म्हणतात तेच. आम्ही गेलो तेव्हा सप्टेंबर होता, तोडणी चालू होती, आणि एक सत्तरीचे गृहस्थ ढासळलेल्या भागात दगड बसवत होते. एक दगड उचलायचे, हातात फिरवून बघायचे, लावायचे, नाही बसला की बाजूला ठेवून दुसरा, मग मधल्या फटीत छोट्या कपच्या हातोडीने ठोकायचे. आम्ही पाणी प्यायला थांबलो तेवढ्यात त्यांचे चार दगड लागले. बाजूला एका रुळावरून चालणारी ती इवलीशी गाडी उभी होती, उभ्या चढावरून द्राक्षाचे क्रेट्स खाली न्यायला. या भागाला युनेस्कोने १९९७ मधे जागतिक वारसा म्हणून घेतलं आणि असे बिनसिमेंटचे गडगे बांधायच्या कलेला २०१८ मधे वेगळं स्थान दिलं, पण शेतं सोडून लोक निघून गेले की भिंती पडतात आणि भिंत पडली की डोंगर खाली येतो, हे इथलं साधं गणित आहे. म्हणून फोटोसाठी भिंतीवर चढून बसू नका, शॉर्टकट मारून मळ्यातून उतरू नका आणि द्राक्षं तोडू नका, ती कुणाच्यातरी वर्षभराची कमाई आहे.

पावसाचं पण याच्याशीच जोडलेलं आहे. २५ ऑक्टोबर २०११ ला इथे असा पाऊस पडला की वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सोमधे चिखल आणि दगड घरात शिरले, माणसं गेली. तेव्हापासून हवामानाचा अलर्ट इथे फार मनावर घेतात, पिवळा, नारिंगी आणि लाल असे रंग असतात, आणि अलर्ट लागला की पायवाटा बंद होऊ शकतात. गुरुवारी रात्री आणि शनिवारी सकाळी लिगुरियाचा, म्हणजे या प्रांताचा, अलर्ट आणि पार्कच्या साइटवर कुठली वाट उघडी आहे हे दोन्ही बघायचं काम ग्रुपमधल्या एकाला वाटून द्या, सगळ्यांचं काम म्हटलं की कुणीच बघत नाही. घडी घालून खिशात मावणारा रेनकोट घ्या, छत्री नको, समुद्राच्या वाऱ्यात ती टिकत नाही.

कागदपत्रं. पासपोर्ट ओरिजिनल लागतो, कारण हॉस्टेलवाल्यांना प्रत्येक पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करावी लागते, मोबाईलमधला फोटो दाखवला तर अडून बसतात. पेर्मेस्सो, म्हणजे इटलीत राहायचा परवाना, आलं असेल तर ते कार्ड, नसेल तर त्याच्या अर्जाची पोस्टातून मिळालेली पावती, म्हणजे रिचेवुता, आणि हेल्थ कार्ड. आणखी एक, नकाशात बघून कुणालातरी हमखास सुचतं की एवढं आलोच आहोत तर पुढे फ्रान्सला पण शिवून येऊ. लिगुरियाचा किनारा पश्चिमेला वेंतिमिल्यापर्यंत जातो आणि तिथून फ्रान्सचं मेंतों ट्रेनने दहा-बारा मिनिटांवर आहे हे खरं, पण व्हिसा संपलेला असेल आणि हातात नुसती रिचेवुता असेल तर ती सीमा ओलांडू नका. त्या गाड्यांमधे फ्रेंच पोलीस कागद तपासतात. मजा करायला जाऊन पुढच्या दोन वर्षांचं शिक्षण धोक्यात घालण्यात अर्थ नाही.

आता तिकिटं. मिलानो चेंत्राले वरून पाविया, जेनोवा करत इंटरसिटी जाते, साधारण तीन तासात तुम्ही तिथे. इंटरसिटीचं तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त आणि ते त्याच गाडीचं असतं, चुकली की गेलं. रेजिओनाले म्हणजे लोकल गाड्यांचा दर मात्र आदल्या दिवशी काढा नाहीतर महिनाभर आधी, तोच राहतो, फक्त जेनोवाला गाडी बदलायला लागते आणि वेळ जास्त जातो. लोकलचं कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या मशीनमधे घालून शिक्का मारायचा, आणि मोबाईलवर काढलं असेल तर गाडीत बसायच्या आधी त्याचं चेक-इन करायचं. हे विसरलं तर तिकीट असूनही दंड बसतो, आणि मला माहीत नव्हतं हे उत्तर चालत नाही. ला स्पेझिया ते लेवांतो, म्हणजे या गावांच्या दोन बाजूंची शहरं, या पट्ट्यात पाचही गावांना थांबणारी गाडी सारखी चालू असते, दोन गावांमधे तीन-चार मिनिटं, पण सीझनमधे तेवढ्यासाठी पण एका वेळचे पाच युरो किंवा त्याहून जास्त जातात, तर दिवसात तीन-चारदा चढउतार करणार असाल तर ट्रेनवालं चिंक्वे तेर्रे कार्ड घेतलेलं बरं, त्यात पायवाटांचं पण येतं. सगळी तिकिटं स्क्रीनशॉट काढून ठेवा, गाडी बोगद्याबोगद्यातून जाते आणि वेर्नात्सा, रिओमाज्जोरेची स्टेशनं तर अर्धी बोगद्यातच आहेत, नेट येत-जात असतं. पॉवर बँक दोघांत एक पुरते.

आणि शोपेरो! संप इथे आधी जाहीर होतात आणि बऱ्याचदा नेमके शुक्रवारी असतात, म्हणजे तुमच्या निघायच्या दिवशी. आठवडाभर आधी तारीख तपासा, कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक लोकल गाड्या चालवतात, त्यात बसायचा प्लॅन करता येतो.

राहायचं गावात नको, ला स्पेझिया किंवा लेवांतोला घ्या. गावातल्या खोल्या महाग, आणि रात्री दहानंतर दंगा केला तर शेजारची आजी खिडकीतून ओरडते, तिचं बरोबरच आहे, ती तिथे राहते. तास्सा दि सोज्जोर्नो म्हणून टुरिस्ट टॅक्स असतो तो बुकिंगच्या पैशात धरलेला नसतो आणि अनेक ठिकाणी रोखच मागतात, तर प्रत्येकाकडे वीस-तीस युरो कॅश आणि टॉयलेटसाठी सुटी नाणी. बाकीचा हिशोब ॲपवर त्याच दिवशी टाका, मिलानला परत आल्यावर कुणाला आठवत नाही कुणी आईस्क्रीमचे दिले.

खाण्याबद्दल शाकाहारी मंडळींनी काळजीच करू नका, उलट लिगुरिया आपल्यासाठीच आहे. फोकाच्चा नावाचा चपटा पाव सगळीकडे, तेल लावलेला गरम तुकडा सकाळी बेकरीतून घ्यायचा. आणि ला स्पेझियात फारिनाता खाल्ल्याशिवाय परत येऊ नका. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, एवढंच, ते तांब्याच्या भल्या मोठ्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. वरून खरपूस, आतून मऊ, वर मिरपूड. पहिला घास घेतला आणि आमच्यातला नागपूरचा पोरगा म्हणाला, अरे हे तर घरचं धिरडं आहे, फक्त कांदा-मिरची राहिली. तिथे ते फोकाच्चात घालून पण देतात. पेस्तो, म्हणजे बेसिलच्या पानांची चटणी, इथलाच, बटाटा आणि फरसबी घालून केलेला त्रोफिए पास्ता मागवा, पण कडक शाकाहारी असाल तर त्यातल्या चीजमधे जनावराचं रेनेट (दूध विरजायला घालतात ते, वासराच्या पोटातून काढलेलं) असतं हे माहीत असू द्या. आच्चूगे शब्द दिसला की ते मासे. मासे खाणाऱ्यांनी मोंतेरोस्सोचे तेच आच्चूगे खावेत, लिंबू पिळून. बसून जेवलात तर माणशी कोपेर्तो, म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार, लागतो, तो मेनूवर लिहिलेला असतो, भांडू नका. दुपारचं बरोबर घ्या, आम्ही निघायच्या आदल्या रात्री दशम्या केल्या होत्या, दुधात कणीक भिजवली की दोन दिवस राहतात, आणि लसणाची चटणी. पाण्याची बाटली माणशी किमान एक लिटर, गावात नळ असतात, नॉन पोताबिले लिहिलं असेल तर पिऊ नका, पण वाटेवर मधे भरायला मिळेल असं धरून चालू नका.

पोहायचं असेल तर सप्टेंबरात पाणी छान असतं, मे महिन्यात चांगलंच गार लागतं. मानारोलाला खडकावरून उतरायचं असतं, तिथे रबरी शूज पाहिजेत, पोहता न येणाऱ्यांनी तिथे उतरूच नये, पाणी लगेच खोल आहे. वाळूचा खरा किनारा फक्त मोंतेरोस्सोला, छत्र्या-खुर्च्या मांडलेला भाग पैशाचा आणि स्पियाज्जा लीबेरा लिहिलेला तुकडा फुकट. सनस्क्रीन, टोपी, पंचा. मोठा टॉवेल नको, सुती पंचा अर्ध्या तासात वाळतो.

रविवारच्या परतीचं तिकीट जातानाच काढून ठेवा, संध्याकाळच्या गाड्या खचाखच असतात, आणि शक्यतो मोंतेरोस्सोहूनच काढा. तिथलं स्टेशन अगदी किनाऱ्याला लागून आहे, पायऱ्या उतरल्या की समोर वाळू, म्हणजे गाडीच्या तासभर आधीपर्यंत पाण्यात राहता येतं. त्यासाठी ओल्या कपड्यांना एक जाड प्लॅस्टिकची पिशवी, सॅकच्या अगदी वरच ठेवा.